गोंदण

परळीला महाशिवरात्रीच्या जत्रेत गोंदणाऱ्यानं पाटी लावली होती : 'टॅटू काढून मिळेल'. शेजारी बॅटरीवर घुर्र करणारं मशीन, फळीवर बदाम, विंचू, त्रिशूळ.

मी कितीतरी वर्षं समजत होतो, गोंदण म्हणजे गोंदाचं, डिंकाचं काहीतरी. अंगाला चिकटतं म्हणून. चूक! हिंदीत 'गोदना' म्हणजे टोचणं, आणि तेच गोंदणाचं नाव. म्हणजे आपण सुई पाहिली. तमिळ माणसानं रंगही पाहिला : 'पच्चै कुत्तु', हिरवं टोचणं. काजळीचा काळा रंग कातडीखालून हिरवट दिसतो. आमच्या आजीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके तसेच होते, कारल्याच्या सालीसारखे. मेल्यावर एवढंच बरोबर येतं, म्हणायची. टॅटू मात्र ताहितीचा. तिथला 'तताउ' 1769 मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या मंडळींनी टिपला आणि तो इंग्रजीत शिरला.

आता बीडची पोरं टॅटू 'काढतात', आज्या 'गोंदून घेत'. गोंदण उरलं ते कवितेत आणि 'मनावर गोंदलेलं' असल्या वाक्यांत. पाटीखाली एक आजीबाई नातीला विचारत होती, "बाई, ह्यो गोंदतो का नुसतं टॅटूच काढतो?"