श्रम, तालीम आणि खेळ : शस्त्रशिक्षणाच्या परिभाषेचा एक मागोवा

मालवणसमोरील कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला व सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. त्याच्या तटाबुरुजांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. त्या तटावर आणि त्याखालच्या गलबतांवर उभा राहणारा माणूस कसा घडविला जाई, हा प्रश्न मात्र बहुधा बाजूस राहिला. चुन्यादगडांकडून त्याचे उत्तर मिळणार नाही. ते काही अंशी भाषेकडून मिळते.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लाच्या नित्य अभ्यासाचे प्रकार दिले आहेत : भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम, स्तंभश्रम. वजन उचलणे, चालणे, पाण्यातील व्यायाम, बाहूंची रेटारेट आणि खांबावरची कसरत, असा हा क्रम होय. यांत लक्षणीय आहे ते उत्तरपद. ग्रंथकाराने येथे ‘कला’ किंवा ‘विद्या’ असा शब्द न योजता प्रत्येक ठिकाणी ‘श्रम’ हाच योजला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांस मल्लखांबाचे आद्य प्रवर्तक मानण्याची रूढी आहे. ‘स्तंभश्रम’ हा शब्द पाहता त्यांना पुनरुज्जीवक म्हणणे अधिक युक्त ठरेल. त्याने त्यांची थोरवी उणावत नाही.

पुढे या परिभाषेवर अरबी-फारसीचा थर चढला. ‘आखाडा’ हा संस्कृत ‘अक्षवाट’पासून प्राकृतद्वारा आलेला शब्द टिकून राहिला, परंतु त्याच्या शेजारी ‘तालीम’ येऊन बसली. मूळ अरबीत ‘शिकविणे’ एवढाच तिचा अर्थ. मराठीने तिला घर व हौदा देऊन स्थलवाचक केले. गुरूचा ‘वस्ताद’ झाला. ‘डाव’ घरचा आणि ‘पेच’ फारसी, पण ‘डावपेच’ म्हणताना कोणालाही सांधा जाणवत नाही. आणि ‘श्रमा’ची जागा घेतली ती ‘मेहनती’ने. अरबीत तिचा मूळ अर्थ कसोटी, क्लेश असा आहे. शब्द पालटला, कल्पना पालटली नाही. शरीर ‘कमावणे’ हा मराठी प्रयोगही त्याच कुळातला : बळ हे जन्मजात धन नसून दीर्घकाळ राबून मिळविलेली मिळकत आहे.

चीनकडे पाहिल्यास हीच धारणा आढळते. ‘कुंग फू’ या शब्दाने आज जगभर हाणामारी सूचित होत असली, तरी त्याचा मूळ अर्थ वेळ आणि कष्ट खर्चून मिळविलेले नैपुण्य असाच आहे. तो सुताराच्या हाताविषयीही वापरता येतो. सोळाव्या शतकात चीनचा पूर्व किनारा चाच्यांनी त्रस्त केला असता छी चीग्वांग या सेनानीने सैनिकी शिक्षणाचा एक ग्रंथ लिहिला. त्यात मुष्टियुद्धाचे बत्तीस पवित्रे आहेत. मोठ्या लढाईत मोकळ्या मुठींचा उपयोग नाही, परंतु हातपाय चपळ करण्यासाठी ही पहिली पायरी होय, असा त्याचा अभिप्राय होता. पाहणाऱ्यास सुंदर व लढताना निरुपयोगी अशा फुलोऱ्याच्या हालचालींवर त्याचा फार रोष होता.

मराठी शस्त्रशिक्षणातही हाच पायऱ्यांचा विचार दिसतो. फरी-गदगा म्हणजे लहान ढाल व कातडी मढविलेली काठी. तलवारीचा हात याने तयार करावयाचा. बोथाटीत भाल्याचे टोक बोथट केलेले असते. बंदेश ही आत्मरक्षणाची खरी परीक्षा, कारण तीत शस्त्रधारी प्रतिपक्ष्यास ठार न मारता निष्प्रभ करावयाचे असते. या सर्वांत समोर दुसरा माणूस गृहीत आहे, आणि त्या माणसाचा वार ठरलेला नाही. शिक्षणाचे मर्म येथे आहे. दर्यावरच्या गाबित-भंडारी मंडळींचे हात वल्ह्याने आणि दोरखंडाने आधीच कमावलेले असत. ‘सलिलश्रम’ त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. शिकविण्याजोगा राही तो प्रतिपक्ष्याचा अंदाज.

१८१२ च्या तहाने मालवण व सिंधुदुर्ग कोल्हापूरकर छत्रपतींकडून इंग्रजांकडे गेले. त्यानंतर एकाच राज्यातील दोन प्रदेशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. किनाऱ्यावर शस्त्राला राजाश्रय उरला नाही आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने बाळगण्याचीही अडचण केली. कोल्हापुरात दरबार टिकला. शाहू छत्रपतींच्या काळी, १९१२ मध्ये, खासबागेचे कुस्तीमैदान उभे राहिले आणि पेठापेठांतील तालमींत पट्टा-लाठी फिरत राहिली. तथापि जे टिकले त्याचे रूढ नाव ‘मर्दानी खेळ’ असे आहे, हे नजरेआड करून चालणार नाही. तळहातावरील लिंबू पट्ट्याने कापण्यास विलक्षण कसब लागते, पण लिंबू उलटा वार करीत नाही. कुस्तीत मात्र प्रतिपक्षी जिवंत राहिला, म्हणून तिच्यात डाव आजही नवे निघतात.

किनाऱ्यावर लढाईची आकृती राहिली ती दशावतारी रंगभूमीवर. रात्री देवळापुढे राजा आणि राक्षस मृदंगाच्या तालावर तलवारी घेऊन गिरकी घेतात, पाऊल मागे नेतात, अंतर राखून पुन्हा भिडतात. कोण पडणार हे प्रेक्षकांतील लहान पोरासही ठाऊक असते.