मिसरी आणि बाभळीची काडी

श्रोतेहो, ‘मिसरी लावणे ही पूर्वापार चाल’ असे लोणारच्या आजीबाई सांगतील. पण पाहा, इथे साबण आणि काच करण्याचे जिन्नस मिळतात, अशी नोंद सोळाव्या शतकाअखेरच्या ‘आइन-ए-अकबरी’त आहे. तंबाखू तेव्हा पोर्तुगीजांमागून दख्खनेत नुकती आलेली. १६०४ च्या सुमारास असदबेगाने ती विजापुराहून अकबरापुढे नेली. मग तंबाखू भाजून केलेली मिसरी पूर्वापार कशी हो? सरोवराकाठच्या बाभळीची काडी तिच्याआधीची.

पटाशीचे दात तोडतात, सुळे फाडतात, दाढा दळतात; बत्तिसांना धरून ठेवते ती हिरडी. मिसरीने कळ बधिर होते, कीड तशीच राहते, हिरडी मात्र सुटते. गुरुजी, गालात पांढरा चट्टा दिसला तर दवाखान्यात पाठवा. तिथून तोंडाचा कर्करोग सुरू होऊ शकतो.