उमराहला जाताना मोबाईलचा कॅमेरा जपून वापरा

शहागड, अंबड, गेवराई या पट्ट्यातून उमराहला निघणारी कुटुंबे आमच्याकडे व्हिसा, औषधे, एहराम, रियाल या सगळ्याची चौकशी करतात. फोटोबद्दल मात्र कुणी विचारत नाही. सौदी अरेबियात फोटोचा कायदा आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहे, म्हणून हे लिहितो आहोत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माणसांच्या फोटोची. २००७ च्या तिथल्या सायबर गुन्हे कायद्यात कॅमेऱ्याच्या मोबाईलने कुणाच्या खासगीपणात ढवळाढवळ केली तर एक वर्षापर्यंत कैद आणि ५ लाख रियालपर्यंत दंड आहे. आपल्या पैशात हा आकडा एक कोटीच्या वर जातो. २०१९ मध्ये सार्वजनिक शिस्तीचे नियम आले. त्यांत परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणे, अपघाताचे चित्रण करणे हेही दंडाला पात्र आहे. आपल्याकडे अपघात झाला की आधी मोबाईल बाहेर निघतो. ती सवय इथेच सोडून जावी.

आता हरमचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सौदी सरकारने मस्जिद-अल-हराम आणि मस्जिद-ए-नबवी, दोन्ही ठिकाणी फोटो व व्हिडिओला मनाई जाहीर केली. इबादत करणाऱ्यांना त्रास होऊ नये, हे कारण दिले होते. प्रत्यक्षात काय दिसते? हजारो लोक मोबाईलने फोटो काढतात. पण शेजारचा काढतोय म्हणून आपल्यालाही परवानगी मिळाली, असे होत नाही. सुरक्षारक्षकाने हात केला की वाद न घालता मोबाईल खिशात ठेवायचा. ट्रायपॉड, मोठा कॅमेरा नेऊच नका.

घरी म्हाताऱ्या अम्मीला काबा दाखवायचा असतो, हे आम्हाला कळते. व्हिडिओ कॉल करायचाच तर तवाफ संपल्यावर, गर्दीच्या बाहेर येऊन करा. तवाफ करताना स्क्रीनकडे बघत चालणारा माणूस मागच्या व्हीलचेअरला अडतो, आणि त्याच्या चौकटीत किती अनोळखी बायका येतात याचा त्याला पत्ताही नसतो. मस्जिद-ए-नबवीत बायकांच्या भागात तर कॅमेरा अजिबात उघडू नये. मुलींना आणि खालाजानला हे आधीच नीट सांगा.

विमानतळाचा तपासणी कक्ष, पोलीस चौकी, लष्करी जागा, सरकारी इमारती यांचे फोटो नकोत. ड्रोनला तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी लागते. घरचा ड्रोन घरीच ठेवा. यूट्यूब चॅनेलसाठी किंवा टूरवाल्याच्या जाहिरातीसाठी चित्रण करायचे असेल तर ते व्यावसायिक ठरू शकते, आणि त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

पासपोर्ट-व्हिसाचा फोटो मात्र जरूर काढा, पण तो व्हॉट्सअॅप स्टेटसला लावण्यासाठी नव्हे. एक प्रत घरच्या माणसाकडे ठेवा. पासपोर्ट हरवला तर जेद्दाहच्या भारतीय वाणिज्य दूतावासात तोच कामी येतो.