गाळातली लाँच

आमच्या वाशिष्ठीच्या खाडीत पूर्वी दाभोळ ते गोवळकोट लाँच चालायची. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट दाभोळला लागली, की चाकरमानी ट्रंका-वळकट्यांसकट लाँचीत चढत. शिमग्याला पाय ठेवायला जागा नसे. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे मुंबईच दूर जायची.

त्यातली एक लाँच पुढे गाळात रुतून राहिली. ओहोटीला मी आत शिरलो. तात्या काठावरून ओरडले, "जपून रे, तळ गेलाय तिचा!" फळ्या कुजून मऊ झालेल्या, इंजिनाच्या जागी चिखल नि खेकडे. बाकडी कुणीतरी चुलीत घातलेली. कठड्याला मात्र शेकडो हातांनी घासून आलेली तकाकी अजून होती.

१७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेंवर माणसं गेली. तरी कोकणी माणूस बोटीनंच जात राहिला; दुसरी वाट कुठं होती? मग एसटी आली, १९९८ पासून कोकण रेल्वे पुरती धावू लागली, आणि खाडी ओस पडली.

बंदरांची नावं पुस्तकांत सापडतात. तो कठडा धरून गिरणीत गेलेली नि परत न आलेली पोरं फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. म्हातारे आहेत तोवर ती नावं लिहून घ्यायला हवीत.