तोंडी घेणारे आणि देणारे

मुरबाड तालुक्यातल्या धसईत एकदा बारावी झालेल्या मुलामुलींच्या मुलाखतीच्या सरावाला बसलो होतो. मुरबाडची एमआयडीसी, भिवंडीची गोदामं, कल्याणची दुकानं आणि दवाखाने, जिथे जागा निघेल तिथे अर्ज करणारी ही मुलं. पहिला प्रश्न ठरलेला: स्वतःबद्दल सांगा. एक मुलगी उभी राहिली. नाव, गाव, वडिलांचं नाव, टक्के, आवड वाचन, असं पाठ केलेलं इंग्रजीत एका दमात म्हणाली आणि थांबली. पुढच्या दोन प्रश्नांना मान खाली.

उठताना तिला सहज विचारलं, "घरी राब भाजलात का यंदा?" राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजणं. ती तिथेच थांबली. खाली शेण, त्यावर तोडलेल्या फांद्यांचा कवळ, मग पाला-गवत, वरून बारीक माती, असे थर तिने हाताने दाखवले. आग वाऱ्याच्या उलट दिशेने चालली पाहिजे, म्हणजे ती सावकाश जळते आणि खालची जमीन नीट भाजते. तणाचं बी मरतं आणि भाताचं रोप जोमाने वर येतं. घाई केली तर वरचा पाला भुरकन जळून जातो, माती कच्चीच राहते. चार-पाच मिनिटं ती बोलली, आणि एकदाही अडखळली नाही.

आमच्या कागदावर तिला दहापैकी तीन गुण पडले होते. तेव्हापासून मी या तोंडी परीक्षेच्या मागे लागलो आहे. समोर बसवून, विचारून माणूस जोखायची ही रीत आली कुठून?

'मुलाखत' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अर्थ नुसती भेट. पेशवाईतल्या पत्रांतही तो भेट याच अर्थाने येतो. अमक्या सरदाराची तमक्याशी मुलाखत झाली, म्हणजे दोघे भेटले, बोलले. हिंदीत मुलाक़ात अजून भेटच राहिली आणि नोकरीसाठी त्यांनी 'साक्षात्कार' घेतला. मराठीत साक्षात्कार संतांकडे गेला आणि नोकरीच्या वाट्याला मुलाखत आली. भेटीत दोघं बोलतात. नोकरीच्या मुलाखतीत एक विचारतो आणि दुसरा उत्तर देतो. शब्द तोच राहिला, बसायची जागा बदलली.

शाळेतली तोंडी याहून जुनी. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरवलं जायचं आणि पुसलं जायचं. कागद महाग होता. त्यामुळे शिकलेलं साठवायची जागा एकच, तोंड. दिवेलागणीला परवचा म्हणायचा: पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. या पाठांतराला आज आपण नावं ठेवतो, पण त्यात एक गोष्ट चोख होती. मुलाला औटकी येते की नाही, हे रोज संध्याकाळी घरातल्या आजीलाही कळायचं. त्यासाठी तपासनीस लागत नव्हता. शिवाय हा हिशेब वाण्याच्या दुकानात आणि खळ्यावर लगेच वापरात यायचा. शिकणं, त्याची तपासणी आणि त्याचा उपयोग या तिन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच आठवड्यात होत.

मोठ्या विद्वानांची तोंडी निराळी होती. श्रावणमासातल्या दक्षिणेची प्रथा तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांची. पुढे पेशव्यांनी ती पुण्यात चालवली. दूरदूरचे शास्त्री, वैदिक येत, त्यांची परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणे दक्षिणा मिळे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनच्या काळात त्या दक्षिणेतला पैसा शिक्षणाकडे वळवला गेला आणि 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली.    

विश्रामबागवाड्याच्या पुण्यातच पुढे तोंडी परीक्षेने वेगळं काम केलं. 1852-53च्या सुमारास जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या मुलींच्या शाळांच्या परीक्षा जाहीरपणे झाल्या. लोक गर्दी करून पाहायला आले. मुलींना शिकवता येतं, हे सांगून कोणाला पटणार नव्हतं. मुलींनी लोकांसमोर वाचून दाखवलं, उत्तरं दिली, तेव्हा ते दिसलं. पुराव्यासाठी घेतलेली तोंडी म्हणतात ती ही. तिच्यात मुलीला अडकवायचं नव्हतं, लोकांना दाखवायचं होतं.

मग सरकारी खातं आलं. 1854चा वुडचा खलिता, 1855 साली मुंबई इलाख्याचं शिक्षण खातं, 1857 साली विद्यापीठ. खात्याबरोबर दिपोटी आला. डेप्युटी इन्स्पेक्टर हे नाव गावाच्या तोंडात असं बसलं. 1860च्या दशकात निकालावर अनुदान द्यायची पद्धत लागू झाली: साहेब येणार, परीक्षा घेणार, जितकी मुलं पास तितका शाळेला पैसा. इंग्लंडातून आलेली ही कल्पना. तिने मास्तर आणि मूल यांच्यामध्ये रुपया आणून ठेवला. साहेब विचारणार तेवढंच घोकून घ्यायचं, हे मग ओघानेच आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पद्धत गेली, पण साहेब यायच्या आदल्या दिवशी उत्तरं बसवून घेण्याची सवय आजही कित्येक शाळांत मी पाहतो.

परीक्षा आणि नोकरी यांची गाठ बसली तीही याच काळात. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शकत असे. आमच्याकडच्या जुन्या घरांत 'फायनल पास' ही पदवीच होती. मुलाखत वगैरे काही नव्हतं. दाखला दाखवला की झालं.

समोर बसून स्वतःला मांडायचं, हे मात्र आपल्या वळणाला सोपं नव्हतं आणि आजही नाही. दासबोधातल्या मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुती करणारा येतो. घरोघरी मुलांना हेच शिकवलं जातं: मोठ्यांसमोर जास्त बोलू नये, आपलं आपण सांगू नये, कामातून दिसू द्यावं. ही चांगली शिकवण आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण त्याच मुलाला अठराव्या वर्षी परक्या टेबलासमोर बसवून आपण म्हणतो, तुझे गुण सांग. तो गप्प राहिला की शेरा मारतो, आत्मविश्वास नाही. ठाकर-कातकरी वाडीतल्या मुलाला तर घरची बोली बाहेर ठेवूनच त्या खोलीत शिरावं लागतं.

विचारणाऱ्यांवर लगाम हवा, हे न्यायालयालाही दिसलं. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशात लेखीला 100 आणि तोंडीला 50 गुण होते. मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकलेल्या, त्यांत वडील कोण, राहता कुठे असले प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने अजय हसिया खटल्यात ठरवलं, की प्रवेशासाठी तोंडीला एकूण गुणांच्या 15 टक्क्यांहून जास्त वजन देणं ही मनमानी होय. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016पासून खालच्या श्रेणीच्या पदांसाठी मुलाखतच काढून टाकली. आपल्याकडे पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या शिक्षकभरतीत जिल्हा परिषदेच्या जागा मुलाखतीशिवाय भरल्या जातात, खाजगी संस्थांना मुलाखतीची मुभा आहे. ओळख आणि वशिला यांना आळा बसला, हे चांगलंच झालं. पण ज्याला चौथीच्या वर्गात मुलांशी बोलायचं आहे, तो बोलतो कसा हे पाहायची संधीही त्याबरोबर गेली. मला ते खटकतं.

शाळेत उलटं झालं. 2010च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या तपासणीला 70 गुण, संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला 30. आकारिकच्या आठ साधनांत दैनंदिन निरीक्षण आहे, तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे. राबाचे थर सांगणाऱ्या मुलीला यात जागा होती. पण वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली आणि 'गटात मिसळतो', 'प्रश्नांची उत्तरे देतो' ही वाक्यं शेकडो मुलांच्या नावापुढे तशीच उतरली. दहावीच्या भाषाविषयांतले तोंडीचे 20 गुण हे दुसरं उदाहरण. शाळा ते सढळ हाताने देतात म्हणून काढले, आणि राज्याचा निकाल 2018च्या 89.41 टक्क्यांवरून 2019 साली 77.10वर आला. ओरड झाली, गुण पुढच्या वर्षी परत आले. मुलांना बोलतं कसं करायचं, यावर त्या गदारोळात फारच थोडं बोललं गेलं.

खरी तोंडी मला दोन ठिकाणी दिसली. प्रथम संस्थेची 'असर' पाहणी 2005पासून होते. स्वयंसेवक घरी जातो, मुलाशेजारी बसतो, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं एकेक वाचायला देतो. पास-नापास नाही. मूल कुठे पोचलंय तेवढं पाहायचं. दुसरं ठिकाण आमच्याच मुरबाड तालुक्यातलं, फांगणे. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी तिथे 8 मार्च 2016ला आजीबाईची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन येऊ लागल्या. अंगठ्याच्या जागी सही आली, हा त्यांचा निकाल. तो लावायला मंडळ लागलं नाही.

मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या माझ्या मित्रांना एवढंच सांगणं आहे. पाठ केलेलं इंग्रजी परिचयपत्र मुलांच्या हाती देऊ नका. पहिलीपासून रोज एका मुलाला वर्गासमोर पाच मिनिटं त्याच्या कामाचं बोलू द्या, त्याच्या बोलीत, मग हळूहळू पुस्तकी मराठीत, मग इंग्रजीत. आणि टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या साहेबांनो, धसईचं पोर समोर आलं तर राब कसा भाजतात ते विचारा आणि त्याचं उत्तर पुरं होईपर्यंत थांबा.