कुराणपठण, शिळाछाप आणि ऐकणारे यंत्र

इस्लामी शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश ही सर्वथा नवी घटना आहे, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः यंत्र आणि धर्मपाठ यांचा संबंध जुना असून त्याच्या इतिहासात मुंबईचे स्थान नगण्य नाही.

खिळ्यांनी छापलेल्या अरबी ग्रंथांविषयीचा संशय निराधार नव्हता. व्हेनिस येथे १५३७-३८ च्या सुमारास छापलेल्या कुराणात चुका विपुल होत्या. इस्तंबुलात १७२७ साली इब्राहीम मुतफर्रिका यांना मुद्रणाची अनुज्ञा मिळाली, ती धर्मग्रंथ वगळूनच. पुढे शिळाछापाने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. कातिबाचे अक्षर जसेच्या तसे कागदावर उमटत असल्यामुळे यंत्र आले तरी लेखकाचा हात नाहीसा झाला नाही. ही कला १८२० च्या दशकात मुंबईत आली आणि कालांतराने येथील अरबी-फारसी ग्रंथ इराणपर्यंत जाऊ लागले.

पठणाची गोष्ट निराळी. तजवीद, म्हणजे उच्चारस्थानांचे व पठणनियमांचे शास्त्र, केवळ पुस्तकावरून साधत नाही. उस्तादाने ऐकून चूक दाखवावी लागते. आपल्याकडील वेदपाठशाळेतील संथेचे येथे सहज स्मरण होते. १९६१ साली ईजिप्तमधील शेख महमूद खलील अल्-हुसरी यांचे संपूर्ण कुराणपठण ध्वनिमुद्रित झाले. परंतु ध्वनिमुद्रणाला विद्यार्थ्याचे पठण ऐकता येत नव्हते. ‘तरतील’सारखी आजची साधने नेमके हेच कार्य करू पाहतात.

भाषाशास्त्रीय प्रश्न येथूनच सुरू होतो. चेंबूरनजीकचा चीता कॅम्प पाहावा. १९७६ साली जनता कॉलनी उठवून वसविलेल्या या वस्तीत तमिळ व उर्दू बोलणारी मुसलमान कुटुंबे शेजारी राहतात. अरबीतील ‘ज्वाद’ उर्दूत ‘ज़’सारखा उच्चारला जातो, तर अरब कारी तो जड ‘द’सारखा म्हणतात, म्हणूनच एक रमज़ान म्हणतो, दुसरा रमदान. तमिळमध्ये तर ‘ज़’ हा मूळचा ध्वनीच नाही. हिंदुस्थानी उलेमांतही या वर्णावरून वाद झालेला आहे. यंत्र ज्या पठणांवर शिकले असेल, त्यांनाच ते प्रमाण मानणार. उलट जाणता उस्ताद मातृभाषेतून आलेली सवय आणि निष्काळजीपणा यांत भेद करतो. शिवाय त्याने दिलेल्या इजाज़तीमागे गुरुपरंपरेची सनद असते. पाठांतर पुनःपुन्हा तपासण्याचे कंटाळवाणे काम यंत्रावर सोपविण्यास माझ्या मते हरकत नसावी. इजाज़त देणे हे मात्र त्याचे काम नव्हे.

या वस्त्यांतील मकतबांत प्रत्यक्ष कोणते उच्चार होतात व उस्ताद त्यांतील कोणते ग्राह्य मानतात, याची पद्धतशीर नोंद करणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी उत्तम विषय होईल.