तोसदानात काय होतं? : शिवाला घाट, १६ ऑगस्ट १७८१



आज नकाशाही नाही आणि फळाही नाही. आज माझ्यासमोर चार फूट बाय तीन फुटांचं टेबल आहे. व्हिडिओत ते तुम्हाला दिसत होतं, पुस्तक वाचणाऱ्यांसाठी सांगतो. एका कडेला गढूळ रंगाची पावसाळी गंगा. काठावर उंच दगडी भिंतींचा वाडा. वाड्यात एक चौक आणि चौकात लाल डगल्यातले २८ मिलिमीटर उंचीचे शिपाई. जागा बनारसचा शिवाला घाट. आज त्या वाड्याच्या पायऱ्यांना चेतसिंग घाट म्हणतात.

या छंदाची आपल्याला ओळख करून द्यायला नको. दिवाळीचा किल्ला आपण सगळ्यांनी केलाय. विटा, पोतं, चिखल, वर पेरलेले अळीव आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले, पहारेकरी दरवाज्यापेक्षा उंच. त्याचं कुणाला काही वाटत नसे. पुढे फौजेत गेलो तेव्हा तोच किल्ला सँड मॉडेल म्हणून भेटला. प्रशियाच्या फौजेत राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ साली टेबलावरच्या युद्धखेळाचे नियम छापले आणि अधिकाऱ्यांचं शिक्षण त्यावर होऊ लागलं. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाया घराघरात नेल्या. मी निवृत्तीनंतर या नादाला लागलो.

आता बारकाव्यांकडे येऊ. त्या काळच्या बंगाल फौजेचा शिपाई म्हणजे लाल डगला, खाली आखूड पांढरा जांगिया, पाय उघडे, छातीवर पांढरे पट्टे, कमरेला संगीन आणि मागे काळ्या चामड्याची काडतुसांची पेटी. तिलाच तोसदान म्हणत. एवढ्याशा बाहुलीवर पांढरा पट्टा थेट पांढरा रंगवला तर तो चुन्याच्या रेघेसारखा दिसतो. आधी मातकट करडा द्यायचा, वाळला की मधोमध पांढरा ओढायचा. कडेला उरलेली करडी रेघ सावलीचं काम करते. डगल्याच्या चुण्यांत पाण्यासारखा पातळ केलेला गडद रंग सोडायचा, तो आपणहून खाचेत जाऊन बसतो. डोळे मी रंगवत नाही. तीन फुटांवरून पाहिलं तर रंगवलेल्या डोळ्यांचा शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसतो, भुवईखालची सावली पुरते. तोसदानाच्या झाकणाच्या कडेला मात्र करड्या रंगाची केसाएवढी रेघ दिली, की चामडं चमकायला लागतं.

असे दोन डझन शिपाई करायला मला चार महिने लागले. मोठ्या अभिमानाने मी ते आमच्या जुन्या पलटणीतल्या एका सुभेदार साहेबांना दाखवले. ते चहाला आले होते. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सर, यांच्याकडे राउंड किती होते?"

मी म्हटलं, "एकही नाही, साहेब."

"मग पाउच एवढे झकपक कशाला केलेत? बघणाऱ्याला वाटेल, भरलेलेच आहेत."

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी बोट ठेवलं होतं ते नेमकं त्या दिवसाच्या वर्मावर. तो दिवस काय होता, ते आता सांगतो.

बनारसचा राजा चेतसिंग कंपनीला दर साल साडेबावीस लाख रुपये देत असे. १७७८ पासून गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने वर आणखी पाच लाख मागायला सुरुवात केली. कंपनीला पैशाची निकड होती. पश्चिमेला आपल्या मराठ्यांशी युद्ध चालू होतं आणि १७८० पासून दक्षिणेत हैदर अलीशीही. मग मागणी आली दोन हजार घोडेस्वारांची, पुढे ती एक हजारावर आली. राजाने पाचशे स्वार आणि पाचशे पायदळ जमवलं, पण हेस्टिंग्जचं समाधान झालं नाही. राजाकडून पन्नास लाख वसूल करायचे असं मनात धरून तो ऑगस्ट १७८१ मध्ये स्वतः बनारसला आला.

१६ तारखेला सकाळी रेसिडेंट मार्कहम शिवाल्याच्या वाड्यात गेला आणि त्याने राजाला नजरकैद केलं. राजाने हात उचलला नाही. पहाऱ्यावर शिपायांच्या दोन कंपन्या आल्या. बरोबर स्टॉकर, स्कॉट आणि साइम्स हे तीन लेफ्टनंट. या कंपन्या मेजर पॉपहॅमच्या दळातल्या होत्या.

पॉपहॅम हे नाव लक्षात ठेवा. आदल्याच वर्षी, ऑगस्ट १७८० मध्ये, महादजी शिंद्यांच्या ताब्यातला ग्वाल्हेरचा किल्ला याच पॉपहॅमने एका रात्रीत घेतला होता. कडा चढताना पाय घसरू नये आणि आवाज होऊ नये म्हणून त्याने शिपायांसाठी कापूस भरलेले लोकरी कापडाचे जोडे शिवून घेतले होते. ग्वाल्हेरचा शिपाई रंगवायचा झाला तर त्याच्या पायात ते बेढब जोडे दाखवायलाच हवेत. तिथे लढाईची अर्धी तयारी त्या जोड्यांत होती.

आणि एका वर्षाने त्याच दळातले लोक शिवाल्याच्या चौकात पहाऱ्याला उभे राहिले, पण त्यांनी काडतुसं आणलीच नव्हती. राजा निमूटपणे कैद झालाय, मग गोळीबाराची वेळ येते कशाला, असंच कुणीतरी धरून चाललं असावं. काडतुसाशिवाय चकमकीची बंदूक म्हणजे टोकाला संगीन लावलेली काठी. तोवर गंगेपलीकडून, रामनगरहून, राजाची हत्यारबंद माणसं नावांतून येऊन वाड्याभोवती जमू लागली. दारूगोळा घेऊन आणखी एक कंपनी पाठवली गेली, पण ती पोचली तेव्हा गर्दीने वाट अडवली होती. त्यात हेस्टिंग्जचा निरोप घेऊन आलेला चोपदार राजाशी उद्धटपणे बोलला आणि ठिणगी पडली. जमाव आत घुसला. चौक चहूबाजूंनी बंद. तिन्ही लेफ्टनंट आणि त्यांचे बहुतेक शिपाई तिथेच कापले गेले.

त्या गोंधळात चेतसिंग नदीकडच्या दिंडीतून बाहेर पडला. काठ उभा तुटलेला. माणसांनी आपली पागोटी सोडून एकमेकांना गाठी मारल्या, आणि त्या दोरावरून राजा खाली नावेत उतरून पलीकडे गेला. हेस्टिंग्जला रात्रीच्या अंधारात चुनारच्या किल्ल्याकडे पळावं लागलं. त्याच्या घाईची बनारसमध्ये अजून थट्टा चालते, म्हणे हौदा घोड्यावर चढवला आणि जीन हत्तीवर.

पुढे कंपनीने फौजा आणून बनारस पुन्हा घेतलं. चेतसिंगाने अखेर महादजी शिंद्यांचा आश्रय घेतला आणि १८१० मध्ये तो ग्वाल्हेरीतच वारला. ज्या ग्वाल्हेरवर पॉपहॅमने ते जोडे वापरले, तेच ग्वाल्हेर.

सुभेदार साहेब गेल्यावर मी सगळे शिपाई पुन्हा हातात घेतले. धारदार पात्याने तोसदानांची झाकणं कापली, हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने आतला धातू कोरला, पोकळीत काळा रंग सोडला. पुटीची झाकणं करून ती उघडी लावली. एका शिपायाचा हात कापून, वळवून, त्या रिकाम्या पेटीत घातला. नदीकडच्या भिंतीला पागोट्यांचा दोर लावला. आधी एकाच पांढऱ्या दोऱ्याचा केला होता. मग लक्षात आलं, ही वेगवेगळ्या माणसांची पागोटी. म्हणून प्रत्येक तुकडा निराळ्या रंगाचा, आणि गाठी ओबडधोबड, कारण त्या घाईत मारलेल्या.

हत्ती-घोड्याचं काय? बनारसच्या खोजवाँ-कश्मीरीगंज भागात लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी होतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. तिथून मी एक हत्ती आणि एक घोडा आणला. हौदा घोड्यावर ठेवला, जीन हत्तीवर. पण ती जोडी कपाटावर आहे, टेबलावर नाही. लोकांनी केलेली थट्टा आणि घडलेली गोष्ट एका पाटावर मांडायची नाही, एवढं पथ्य मी पाळतो.

जाता जाता माझंच एक सांगतो. लेफ्टनंट असताना मी एका रात्री गस्त पाठवली. सामानाच्या यादीत 'बॅटरी : दोन' असं लिहिलं होतं. मोजल्या, दोन भरल्या, सही केली. त्या चार्ज केलेल्या आहेत का, ते पाहिलं नाही. गस्त पहाटेपर्यंत संपर्काबाहेर होती. सगळे सुखरूप परत आले, माझ्या हुशारीने नव्हे, नशिबाने. शिवाल्याच्या शिपायांकडेही तोसदान होतंच. तपासणीला उभे केले असते तर यादीत बरोबर खूण झाली असती. म्हणून मी तोसदानं कोरत बसलो होतो तेव्हा घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलंय. लागू दे.

येत्या दिवाळीत नातवंडं किल्ला करतील तेव्हा एक मावळा हातात घ्या आणि त्यांना विचारा, याच्या कमरेला काय आहे? पायात काय आहे? आज सकाळी हा काय खाऊन आला असेल? एकाचंही उत्तर शोधायला मुलं पुस्तकाकडे गेली तर किल्ला सार्थकी लागला.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.